हळदकुंकवाच्या झाडावरचे आजारी पाहुणे

सांगलीत माझं वधूवर सूचक मंडळ आहे. लोकांच्या सोयरिकी जुळवण्यात तीसेक वर्षं गेली, त्यामुळे अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, तिकडं स्थळं किती बघितलीत? बघितली, भरपूर बघितली. पण सगळ्यांना सहा पाय होते आणि निम्म्याहून जास्त आजारी निघाली. नायगारा, ग्रँड कॅनियन, तो हातात मशाल घेतलेला पुतळा, यातलं मी काही पाहिलं नाही. ते वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं, वेळ वाया जाणार नाही.

सनीव्हेल

धाकटी बहीण वैशाली कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. नवरा-बायको दोघंही चिपवाले. चिप म्हणजे खायचे नव्हेत हे मला पहिल्या खेपेलाच समजावून झालं आहे. गाव शांत, इतकं शांत की दुपारी फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहिलं तर स्वतःचा घसा खाकरल्याचा आवाज ऐकून दचकायला होतं. संध्याकाळी कंपन्यांच्या बसमधून माणसं उतरतात आणि बोलणं नको म्हणून फोनकडे बघत घरात शिरतात. त्यात आपलेही असतात. पुण्याचे तर आधीपासूनच तसे असतात.

वैशालीची मुलगी रेवा इथंच जन्मली, वाढली आणि डॉक्टर झाली. "पण फुलपाखरांची," हे वैशाली ज्या सुरात सांगते, त्या सुरात आमच्याकडं लोक ‘मुलगा तमाशात गेला’ असं सांगत. त्यातही रेवा फुलपाखरांवर काम करत नाही, फुलपाखरांच्या अंगावर जगणाऱ्या परजीवींवर करते. त्यांच्यामुळे कीटकांचा संसार कसा मोडतो आणि त्यांची प्रतिकारशक्ती त्याला कशी तोंड देते, हा तिचा विषय. वैशालीनं मला बोलावलं ते वरवर दिवाळीनंतर चार आठवडे आराम करायला. खरं काम पहिल्याच दिवशी चहाबरोबर पुढं आलं. रेवाच्या लग्नाचं तिच्या मनात काय आहे ते मी काढून घ्यायचं होतं, कारण आईला ती काही सांगत नव्हती आणि माझा तो धंदाच होता.

संधी आपोआप चालून आली. समुद्रकाठच्या झाडांवर मोनार्क नावाची नारिंगी फुलपाखरं हिवाळा काढायला येतात. आपल्याकडं रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू दिसतं, त्याचा हा थोराड चुलतभाऊ. ती तपासायला रेवा किनाऱ्यानं खाली पिस्मो बीचपर्यंत जाणार होती. वैशालीच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुमुदकाकू तिकडंच राहतात. काकू मूळच्या वाईच्या, पंचाहत्तरीच्या, काका गेल्यापासून मुलाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत असतात. मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी आपल्या अंगणात वाढवलेल्या मोनार्कचे फोटो टाकले होते. काकांच्या वर्षश्राद्धाला ती सगळी सोडणार, ज्यांना यायचं त्यांनी या, असं आमंत्रण होतं. पाचपन्नास लोकांनी खाली नमस्काराचे हात टाकले होते. रेवानं एक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. त्यातल्या एकाचा पंख इस्त्री न केलेल्या रुमालासारखा चुरगळलेला होता. ती फक्त "ओह नो" म्हणाली, आणि मला म्हणाली, "मावशी, यू आर कमिंग विथ मी. मला मराठीत बॅड न्यूज देता येत नाही."

सांताक्रूझ

मुंबईकरांना सांताक्रूझ म्हटलं की विमानांचा आवाज आठवेल. इथलं सांताक्रूझ समुद्रावर आहे आणि आवाज आला तर तो सीलचा असतो. सील हा प्राणी दिवसभर धक्क्याखाली लोळून ढेकर दिल्यासारखा ओरडतो. आमच्या मंडळात वरपिते पाहिले असल्यामुळे मला नवल वाटलं नाही.

निलगिरीच्या झाडीत आम्ही वर बघत उभ्या होतो. मला आधी काहीच दिसेना. फांद्यांना वाळक्या पानांचे घोस लोंबत होते, एवढंच. मग ढग बाजूला झाला, ऊन पडलं आणि त्या वाळक्या पानांनी पंख उघडले. अख्खं झाड नारिंगी झालं. मी सांगलीच्या आवाजात "अगं बाई" म्हणाले, आणि हिरवं जाकीट घातलेल्या एका आजोबांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. कुठंही न बोलण्याची ही सवय त्यांनी झाडाझुडपातसुद्धा आणली आहे.

रेवाकडं सरकारी परवाना होता. ती लांब दांड्याच्या जाळीनं एकेक फुलपाखरू अलगद उतरवायची, पोटाला चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवायची, तो कार्डावर चिकटवायची आणि फुलपाखरू सोडून द्यायची. पट्टीला खवल्यांबरोबर परजीवीचे बीजाणू येतात. ते असे की अळी पानाबरोबर ते खाते, पोटात ते वाढतात, कोशात असताना तिच्या अंगभर पसरतात, आणि कोशातून बाहेर येणारं फुलपाखरू वरून धुळीनं माखल्यासारखं त्यांनी माखलेलं असतं. फार झाले असतील तर ते कोशातून नीट सुटतही नाही. थोडे असतील तर दिसतं छान, पण उडण्याचा दम कमी, आयुष्य कमी, जोडीदार मिळण्याची शक्यता कमी. मिलन झालंच तर नराकडून मादीला लागण आणि मादीकडून अंड्यांना. अळी बाहेर येते ती पहिलं जेवण म्हणून अंड्याचं टरफल खाते, म्हणजे आईनं दिलेल्या खाऊतूनच दुखणं.

मी म्हटलं, यांच्यात पत्रिका बघायची सोय हवी होती. रेवा म्हणाली, थोडी आहे. आजारी मादीला आपला आजार बरा करता येत नाही, पण ती अंडी घालताना जास्त कडू, जास्त विषारी झाड निवडते. त्या विषानं अळीच्या पोटातला परजीवी दबतो. स्वतःचं होणार नाही, निदान पोरांचं तरी व्हावं, असा तिचा हिशेब. पाय लावून पानाची चव घेणाऱ्या किड्याला हे कळतं, आणि मुलाची फिट लपवून मुलगी पदरात पाडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

जेवायला आम्ही धक्क्यावर बसलो. पावाच्या पोकळ केलेल्या गोळ्यात शिंपल्यांचं पांढरं सूप देतात, आणि शेवटी वाटीही खायची असते. भांडी न घासण्याचा हा मार्ग मला पटला. सूप मात्र मेतकूट-भाताची मीठ नसलेली बहीण वाटलं. पोट भरल्यावर मी बहिणीचं काम काढलं. एकदम मुद्द्यावर येणं ही आमच्या धंद्यात चूक असते, पण समोर समुद्र असला की माणूस बेसावध होतं. रेवानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की हिवाळ्याला आलेली ही फुलपाखरं जोडीदाराच्या भानगडीत पडत नाहीत, त्यांची शरीरंच तो विषय बंद करून ठेवतात आणि ती सगळी ताकद टिकून राहण्यात घालतात. त्याला डायपॉज म्हणतात.

"सो मावशी, आईला सांग, रेवा डायपॉजमध्ये आहे. उन्हाळ्यात विचार."

मी तसं वैशालीला कळवलं. तिनं तो शब्द गुगलवर शोधला आणि मला फोन करून आधी रेवाच्या पाळीबद्दल विचारलं.

इथंच मी एक पराक्रम केला. झाडीतून परतताना वाटेच्या कडेला लालबुंद त्रिदळं दिसली. सोमवार होता. अमेरिकेत बेल मिळाला म्हणून मी डहाळी खुडली आणि रेवाचं लक्ष जाण्याआधी कंबरेला खोचली. गाडीत बसल्यावर तिनं ती पाहिली आणि रस्त्याच्या कडेला करकचून ब्रेक मारला. ते पॉयझन ओक होतं. वनस्पतीशास्त्रात त्याचा गोतावळा आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्याबरोबर लागतो. लहानपणी माझ्या अंगावर बिब्बा उतला होता, तेव्हा आता काय होणार हे सांगायला डॉक्टर नको होता. देवाला वाहायचं सोडून स्वतःच्या कंबरेला खोचलं, याची शिक्षा मिळणार होती.

काकूंचं घर

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंकडं पोचेपर्यंत माझी कंबर आणि उजवा हात लाल झाला होता, आणि चारचौघात खाजवू नये अशा ठिकाणी खाजत होतं. काकूंनी दारात पाहिलं, आत नेलं आणि ओळखपाळख होण्याआधी माझ्या कंबरेला खोबरेल लावलं. उपयोग झाला नाही, पण त्यामुळे आमचं नातं एकदम पुढच्या टप्प्यावर गेलं.

रेवा सांगत होती की हे त्या झाडाचं विष नाही, माझी स्वतःचीच प्रतिकारशक्ती चवताळून माझ्या कातडीला चावते आहे. बचाव फुकट होत नसतो, शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून तर कीटकांना अंडी की लढाई हे ठरवावं लागतं, दोन्ही पुरेसं जमत नाही. "आपल्यालाही जमत नाही," काकू म्हणाल्या आणि थालीपीठ थापायला घेतलं.

त्यांचं अंगण बघून मात्र मी कंबर खाजवायची विसरले. कुंपणापासून पायरीपर्यंत लाल-पिवळ्या फुलांचे गुच्छ. हे तर हळदकुंकू, आमच्याकडं ओढ्याकाठी उगवतं. तोडलं की पांढरा चीक येतो, रुईचंच भावंड. काकू सांगू लागल्या. काका गेल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही, फक्त सगळ्याजणी विसरल्या. त्याच सुमारास नर्सरीत हे झाड दिसलं. बाहेर बोलावत नाहीत ना, मग घरात आणू, म्हणून सुनेला गाडीत दहाबारा कुंड्या भरायला लावल्या. मग फुलपाखरं आली, अंडी घातली, अळ्या झाल्या. काकूंनी गॅरेजमध्ये जाळीचे पिंजरे केले. दिवसभर त्यांना कोणाचं तरी काही करायला मिळालं.

आणि वर्षश्राद्धाला सोडायचं का, तर दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. सीगलनं झडप घातली होती आणि अख्खा गोळा घेऊन उडाला होता. काका जिवंत असताना एका सीगलनं त्यांच्या हातचं सँडविच पळवलं होतं, तेव्हापासून ते त्या पक्ष्याला नीच म्हणत. "त्याच्याच तोंडी गेले हो," काकू म्हणाल्या. "वर्षानं तरी काहीतरी चांगलं व्हावं."

मला हसूही आलं आणि पुढं काय बोलायचं आहे ते आठवून हसू गिळलंही.

रेवानं गॅरेजमधली फुलपाखरं एकेक करून तपासली. छोटा सूक्ष्मदर्शक इस्त्रीच्या टेबलावर मांडला होता. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. शेवटचं कार्ड झाल्यावर तिनं चष्मा काढला आणि काकूंना समोर बसवून सांगायला घेतलं. तिचं मराठी अडखळत होतं, इंग्रजी वेगानं जात होतं. हे झाड इथल्या मातीतलं नाही. याचं इथलं मूळचं भावंड, मिल्कवीड, हिवाळ्यात मरून जातं, पानाबरोबर बीजाणूही संपतात. हे बारा महिने हिरवं राहतं, त्यामुळे पानांवर बीजाणूंचे थर साचत जातात आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा आजारी होते. शिवाय हिवाळ्यात हिरवं झाड दिसलं की ज्यांनी थांबायचं त्या माद्याही अंडी घालायला लागतात. परवानगीशिवाय ही फुलपाखरं पाळायची नसतात, हेही तिनं सांगितलं. सगळी इन्फेक्टेड आहेत. सोडता येणार नाहीत. झाडंही काढावी लागतील.

काकूंनी सगळं ऐकलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, तू हुशार आहेस. पण आमंत्रणं गेलीत." आणि चहा करायला उठल्या.

रेवा माझ्याकडं बघायला लागली. मी काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. नकार पोचवायची माझी एक पद्धत आहे. आधी स्थळाचं कौतुक, मग पत्रिकेवर खापर, मग जाताना लाडू. त्यातलं काहीच मला सुचेना. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून आलं किसत होत्या, गरजेपेक्षा बरंच जास्त.

मी त्यांना सांगितलं की माझ्याकडं लोक मुलं घेऊन येतात. देखणी, शिकलेली, आणि आतून काहीतरी असलेली. घरच्यांना माहीत असतं, माझ्याही लक्षात येतं. ते म्हणतात, लग्न झालं की होईल ठीक, आमंत्रणं गेलीत. "काकू, समुद्रावरच्या झाडांत निरोगी घरं आहेत. तिकडं हे आजारी सोयरे पाठवायचे का, एवढंच तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी रेवाला घेऊन जाते."

किसणी थांबली. काकू पदराला हात पुसून थेट गॅरेजमध्ये गेल्या आणि रेवाला म्हणाल्या, "दाखव."

मीही त्यांच्यानंतर पाहिलं. फुलपाखराचे खवले कौलांसारखे दिसतात, एकावर एक सरकलेले. त्या कौलांवर कोणीतरी मूठभर जिरं सांडून ठेवावं तसे ते बीजाणू. रेवानं दुसरं कार्ड लावलं, तिसरं लावलं. जिरंच जिरं. काकू डोळा भिंगाला लावून बसल्या होत्या. शेजारच्या पिंजऱ्यात तेच फुलपाखरू कलिंगडाच्या फोडीवर बसून ऐटीत पंख उघडमीट करत होतं.

"ह्यांचंही असंच झालं," काकू म्हणाल्या. "आदल्या दिवशी फिरून आले होते. काय छान दिसत होते."

मग पुढचं सगळं त्यांनीच केलं. आजारी फुलपाखरांना थंडीत ठेवतात, ती झोपतात आणि मग उठत नाहीत. रेवा नेते म्हणाली, काकूंनी दिली नाहीत. मेणकागदाच्या एकेका पाकिटात पंख मिटवून त्यांनी ती ठेवली आणि फ्रीजरमध्ये मटार, किसलेलं खोबरं आणि पुरणपोळ्या बाजूला सारून जागा केली. दार लावताना पुटपुटल्या, "श्राद्धाच्या पोळ्या आहेत, चिकटू देऊ नका रे." मग ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते, एका हातानं. दुसऱ्यानं कंबर खाजवत होते. त्याला इलाज नव्हता.

संध्याकाळी मुलगा-सून कामावरून आले तोवर अर्धं अंगण मोकळं झालं होतं. काकू हातमोजे घालून कात्री चालवत होत्या, रेवा झाडं काळ्या पिशव्यांत कोंबून तोंडं बांधत होती. मुलगा दारातच थबकला. आईनं त्याला पिशवी धरायला लावली आणि मग कारण सांगितलं. काकूंना दुसरी झाडं लावता येतील, हे रेवा मला इंग्रजीत समजावत होती. हिवाळ्यात फुलणारी, मध देणारी, ज्यावर अंडी घालता येत नाहीत अशी. काकूंना ते मधूनच कळलं. "म्हणजे फराळ करायचा, बाळंतपण नाही करायचं," त्या म्हणाल्या. रेवाला बाळंतपण हा शब्द माहीत नव्हता. मी सांगितल्यावर तिनं वहीत टिपून घेतला आणि म्हणाली, हे मी माझ्या टॉकमध्ये वापरणार.

ग्रुपवर काकूंनी स्वतःच लिहिलं: फुलपाखरं आजारी असल्यामुळे कार्यक्रम कॅन्सल केला आहे, जेवायला मात्र यावे. त्याखाली पुन्हा नमस्काराचे तेवढेच हात आले. लोक वाचत नाहीत, फक्त हात जोडतात, असं काकूंचं मत पडलं.

पिस्मो बीच

श्राद्ध सकाळीच आटोपलं. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते, मध्येच त्यांचा चेहरा गोठला आणि दर्भ हातात धरून मुलगाही तसाच गोठला. लोक आले, जेवले, वड्यांची कृती विचारून गेले. दुपारी काकू म्हणाल्या, झाडीत जाऊन येऊ. त्यांनी गेल्या वर्षभरात अळ्या वाढवल्या, पण पलीकडं दहा मिनिटांवर ही फुलपाखरं हिवाळ्यात कुठं राहतात ते कधी पाहिलं नव्हतं. काका असताना ते राहून गेलं, आणि नंतर एकटीनं जाण्यात काही मजा वाटली नव्हती.

समुद्रावर वारा होता. झाडीत मात्र ऊब होती. निळ्या टोपीतली एक स्वयंसेवक बाई दुर्बीण तिकाटण्यावर लावून लोकांना एकेक करून दाखवत होती. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. रांगेची शिस्त अशी की पुढच्या माणसाच्या सावलीवरसुद्धा कोणी पाय देत नाही. काकूंचा नंबर आला. साडीवर मुलाचं जाकीट, पायात बूट, हातात वड्यांचा डबा. बाईनं हसून विचारलं की पहिल्यांदाच आलात का.

रेवा उत्तर द्यायला पुढं झाली. काकूंनी हातानंच तिला थांबवलं आणि स्वतःच्या इंग्रजीत बोलल्या, एकेक शब्द नीट मांडत.

"माय हजबंड. वन इयर टुडे. आय वॉज ब्रिंगिंग बटरफ्लाइज. दे वेअर सिक. सो आय केम ओन्ली."

त्या बाईनं दुर्बिणीची उंची काकूंच्या डोळ्यापर्यंत खाली केली, कशी फिरवायची ते दाखवलं आणि स्वतः दोन पावलं मागं सरकली. काकूंनी डबा माझ्याकडं दिला आणि वाकल्या. त्यांनी काय पाहिलं मला माहीत नाही, कारण वर ऊन आलं होतं आणि मी उघड्या डोळ्यांनी दुसरीकडं बघत होते, जिथं झाडाच्या टोकाला एक घोस उसवून हवेत सांडत होता. रेवा माझा खाजवणारा हात धरून उभी होती.

मागं रांग वाढत गेली. लहान मुलं होती, कॅमेरेवाले होते. कोणी काकूंना आटपा म्हणालं नाही, आणि काकूंनीही आटपलं नाही.